कोऱ्या दगडाचं वय

१

प्रयोगशाळेत आणि सासरी ती एकाच महिन्यात नवी आली, आणि दोन्हीकडे नियम सारखाच निघाला: जे काम कोणालाच नको, ते नव्या माणसाच्या गळ्यात. घरी तिच्या वाट्याला माळा आवरणं आलं, प्रयोगशाळेत कोरे नमुने जाळणं.

"तू नक्की करतेस तरी काय गं तिथे?" सासूबाईंनी एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं. "हा डोंगरात जाऊन दगड खरवडतो, एवढं मला कळतं. लहानपणी भिंती खरवडायचा आणि मार खायचा, आता दगड खरवडतो आणि पगार खातो. पण तू?"

तिनं समजावून पाहिलं. डोंगरातल्या त्या कपारीत हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी गेरूनं चित्रं काढली आहेत. शिंगं उगारलेले कळप, त्यांच्यामागे भालेवाले. गेरूला वय विचारून उपयोग नाही. ती माती, डोंगराएवढीच म्हातारी. पण रंग धरावा म्हणून काढणाऱ्यानं ती कशात तरी कालवली असणार. चरबीत, रक्तात, नाहीतर झाडाच्या डिंकात. जे एकदा जिवंत होतं, त्याला वय असतं. नवरा रंगाची चिमूट खरवडून आणतो, ती भट्टीत जाळते, जिवंत अंशाचा तेवढा वायू होतो आणि दाबाचा काटा चढतो. तो वायू काचेच्या नळीत कोंडून दूरच्या एका मोठ्या संस्थेत पाठवायचा. वय तिथून कळतं.

"आणि ते कोरं कोरं म्हणतेस ते?"

"चित्राच्या शेजारचा दगड. ज्याच्यावर कुणी काहीच काढलेलं नाही असा. तोही जाळून बघायचा. त्यातून काही निघता कामा नये. निघालं, तर चित्राच्या वयावर तरी विश्वास कसा ठेवायचा?"

सासूबाईंनी घडी गुडघ्यावर थोपटली. "म्हणजे काही नाही हे बघायला एवढं शिकलीस!"

आतल्या खोलीत नवरा खो-खो हसला. तिची उत्तरं नेहमी दुसऱ्या दिवशी यायची, आणि तीही भट्टीसमोर.

भट्टी नुसती म्हणायची. तिला आच नव्हती. जाड काचेचं भांडं, आतली हवा जवळजवळ उपसून काढलेली. बटण दाबलं की भांडं जांभळट उजेडानं भरायचं आणि चिमूट न तापता, न धुमसता गुपचूप जळायची. खोलीला खिडकी नव्हती. पंपाची घरघर तेवढी सोबतीला. कोरा नमुना आत असला की काटा शून्यापाशी पडून राहायचा, उन्हातल्या मांजरासारखा, आणि तिला घरच्यांना न दिलेली उत्तरं जुळवायला भरपूर वेळ मिळायचा.

त्या दिवशी सासूबाईंसाठी एक फर्मास उत्तर जुळत आलं होतं, तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. मांजर उठून बसलं होतं.

२

विभागप्रमुख बाईंना तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि माघारी चाळणी. त्यांच्यातून बारीकसारीक काही निसटत नसे, मोठं मात्र कधीकधी वरच राहून जाई.

"कुणी शिंकलं का?" चाळणीनं दारातूनच विचारलं.

कुणी शिंकलं नव्हतं. भांडं धुवून, भाजून, पुन्हा लावलं. रिकामं भांडं चालवलं तेव्हा काटा निपचित. त्याच दगडाची उरलेली चिमूट टाकली आणि काटा सावकाश, जराही न डगमगता वर आला. नुसता आलाच नाही, चित्राच्या रंगानं जेवढा चढला होता त्याच्याही वर गेला.

चित्राची आणि कोऱ्या दगडाची, दोन्ही नळ्या संस्थेत गेल्या. काही आठवड्यांनी उत्तर आलं. शिंगांच्या कळपाचं वय हजारांत होतं, अपेक्षेप्रमाणे. कोऱ्या दगडातलं जे होतं त्याला वय म्हणावं असं काही नव्हतंच. तो जिवंत अंश आत्ताचा होता, गेल्या दोन-एक वर्षांतला.

"घाम," चाळणी म्हणाली. "तुझ्या नवऱ्याचा घाम. हातमोजे काढून खरवडलं असणार. बायको भट्टीवर आहे म्हटल्यावर कोण कशाला घाबरतंय!"

नवरा असल्या बोलण्यानं चिडणारा नव्हता, पण या वेळी त्याला लागलं. नमुने काढण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. भाजलेली नवी पाती, दुहेरी मोजे, तोंडाला फडकं; लग्नाआधी तिला तो पहिल्यांदा दिसला तो डोळ्यांपुरताच. रात्रीच्या जेवणाला तो म्हणाला, "दुसरा कोरा आणतो. चित्रांपासून लांबचा. श्वाससुद्धा सोडणार नाही."

"आणा," ती म्हणाली. सासूबाईंसमोर ती त्याला अहो-जाहो करायची. खोलीचं दार लागलं की अरे-तुरे. दोघांनाही त्याची गंमत वाटायची.

"पण बाई, दगडात घाम कसा येईल इतका?" सासूबाई म्हणाल्या. "हा काय म्हैस आहे?"

त्या हसण्यावारी तो विषय तिथेच राहिला.

३

पलंग लग्नात आलेला. नवऱ्याच्या बाजूला करकरायचा. तो कूस बदलो, उठो, पुस्तक घ्यायला हात लांब करो, पलंग सगळ्या घराला वर्दी द्यायचा. मधली भिंत पातळ. सकाळी चहाच्या वेळी सासूबाई कपात बघत म्हणायच्या, "फारच बोलका पलंग आहे हो तुमचा," आणि तिला वाटायचं, भट्टीत जाऊन बसावं.

दुसरा कोरा नमुना घेऊन तो परत आला त्या आठवड्यात एकदा सासूबाई म्हणाल्या, "तेल घातलंस वाटतं पलंगाला. बरं केलंस. माझीही झोप होते."

ती लाजून हो म्हणून गेली. मग आठवलं की तेल तिनं घातलेलं नाही.

सुटीच्या दिवशी दुपारी तो झोपला होता. ती दारात उभी राहून बघत राहिली. तो उताणा होता, मग कुशीवर वळला, पाय पोटाशी घेतले, पुन्हा पसरले. आवाज नाही. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेली तेवढाच. ती जवळ गेली, त्याच्या पायांशी, त्याच्याच बाजूला, अलगद टेकली.

करकर.

तो जागा झाला. "काय गं?"

"काही नाही. उठ ना जरा."

तो उठला. बसला, उभा राहिला, पुन्हा बसला, तिच्या चेहऱ्याकडे बघत हसत. पलंग गप्प. गादीवर तो बसला होता तिथे चादरीच्या सुरकुत्या जशाच्या तशा होत्या.

तिनं स्वतःची समजूत घातली. लाकूड आहे, हवामानानं फुगतं, आखडतं. चादर नवी, खळीची. चांगली शास्त्र शिकलेली मुलगी, आणि दोन महिन्यांच्या संसारात नवऱ्याचं वजन चादरीवर मोजत बसते!

"तू बारीक झालायस का रे?" तिनं विचारलं.

हसण्याआधी तो किंचित थांबला, पलीकडच्या खोलीतून कुणी हाक मारली की नाही याचा कानोसा घेतल्यासारखा. मग हसला. "उलट वर गेलं की मला अंगात भरल्यासारखं वाटतं. कपारीत चाललो की पावलं वाजतात माझी. इथं सगळं कापसातून ऐकल्यासारखं आहे."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यामुळेच ते तिला लागलं. नव्या नवऱ्याला बाहेर जास्त बरं वाटतं हे ऐकून बायकोला जे वाटायचं तेच वाटलं, आणि त्या साध्या दुखण्यात दुसरं काही असेल हे तिच्या मनात आलं नाही.

४

दुसऱ्या कोऱ्या नमुन्यानं काटा आणखी वर गेला.

चाळणीला सांगण्याआधी ती चष्मेवाल्याकडे गेली. चष्मेवाला म्हणजे कपारीचे फोटो सांभाळणारा, नवऱ्याचा जुना दोस्त. त्याचं काम रंग ताणण्याचं. डोळ्यांना दगडावर काहीच दिसत नाही, पण रंगाचा पुसट अंश उरलेला असतो. फोटोतले रंग संगणकावर ताणले की दगड हिरवागार होतो आणि गेलेली चित्रं भडक गुलाबी होऊन वर येतात.

"कोऱ्या जागेवर जुनं पुसलेलं चित्र असेल," ती म्हणाली. "म्हणून काटा चढत असेल. बघता का?"

"वहिनी, तुम्ही सांगायचं आणि मी नाही म्हणायचं?"

पहिल्या कोऱ्या जागेचा फोटो त्यानं ताणला. हिरव्या दगडावर एक डाग आला, पुरुषभर उंचीचा. हातपाय असावेत असं वाटावं इतपतच. नवऱ्याच्या पात्याचा ओरखडा डागाच्या बरोबर मध्यावर होता.

"बघा, निघालं की नाही! तुमचा नवरा नेमका जाऊन चित्रावरच पातं चालवतो. नेम बघा नेम!"

दुसरी जागा कपारीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथंही तो आला. या वेळी मान होती, खांदे होते, डोकं होतं. डावा खांदा खाली पडलेला. ओरखडा पुन्हा तिथेच, छातीच्या मधोमध.

चष्मेवाल्यानं चष्मा कपाळावर चढवला. "आता ही गंमत. दुसऱ्या खेपेला आपण सगळ्या भिंतीचे फोटो घेतले होते. त्यातली पहिली जागा काढतो." त्यानं काढली, ताणली. हिरवा दगड, मधे ओरखडा. डाग नव्हता. त्यानं आणखी ताणली, चित्र फुटून नुसते ठिपके झाले. "म्हणजे आधीचं काहीतरी उजेडाचं असणार. ही प्रणाली अशी खोड्या करते कधीकधी." मग दुसऱ्या आकृतीकडे बोट करून तो हसला. "पण काही म्हणा, ह्याचा खांदा बघा. अवजारांची पिशवी डाव्या खांद्याला अडकवून उभा राहतो ना आपला साहेब, अगदी तस्सा."

ती हसली. हसायला हवं होतं म्हणून हसली. पायऱ्या उतरताना तिनं मनातल्या मनात दोन्ही आकृत्या एकावर एक ठेवून पाहिल्या.

माणूस एकच होता. जिथे पातं लागायचं तिथे तो यायचा, आणि दर खेपेला जास्त यायचा.

५

"तू जाऊ नकोस," ती म्हणाली. दार लावलं होतं, तरी आवाज तिनं खाली ठेवला होता.

"अगं, चाळणी मला लबाड म्हणतेय. तिसरा कोरा स्वच्छ निघाला नाही तर सगळ्या कपारीची वयं रद्द. इतक्या वर्षांचं काम. लोक काय म्हणतील, बायकोनं पकडलं?"

"म्हणू देत."

"कारण तर सांग."

कारण सांगायला तिनं तोंड उघडलं. पलंग करकरत नाही. तुझा खांदा दगडावर आलाय. कुठल्याही शहाण्या माणसानं आपल्या बायकोला विश्रांतीचा सल्ला द्यावा अशी ती कारणं होती. दुसऱ्या दिवशी चांगलं उत्तर सुचेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा तो निघून गेला होता. जाताना त्यानं दार ओढलेलंही तिला ऐकू आलं नव्हतं.

सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांच्या हातात त्याचा कप होता.

"हा गेला कधी गं? मी इथंच उभी आहे सकाळपासून." मग कप न्याहाळत, स्वतःशीच बोलावं तशा, "लहानपणी दाणदाण पाय आपटत चालायचा. खालच्या मजल्यावरचे भांडायला यायचे. आता मागे येऊन उभा राहतो तरी कळत नाही. परवा दचकलेच मी. पोटच्या पोराला दचकले."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सासू-सुनेत पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि दोघींनाही ते नको होतं. सासूबाईंनी कप विसळायला घेतला. तो आधीच विसळलेला होता.

६

तिसरी कुपी त्यानं स्वतः आणून तिच्या टेबलावर ठेवली. फॉइलच्या पुडीत काचेची इवलीशी कुपी, तळाशी राखाडी चिमूट. "जाळ," तो म्हणाला. "सुटलो एकदाचे."

ती भट्टीसमोर बसली. बटणावर बोट ठेवलं, आणि मग तिला ते सरळ, साध्या हिशोबासारखं दिसलं. त्यानं दोनदा खरवडून आणलं होतं. दोन्ही वेळा जाळलं कुणी? काटा चढताना बघत, मनात फर्मास उत्तरं जुळवत, कुणी जाळलं? त्या जांभळ्या उजेडात जे वायू होऊन गेलं, ते आता कुठल्याशा संस्थेत मोजून संपलं होतं. ते आत्ताचं होतं. जिवंत होतं.

तिनं कुपी ओढणीच्या टोकात बांधली आणि चाळणीला जाऊन सांगितलं की फुटली.

"फुटली." चाळणीनं तिच्याकडे पाहून घेतलं. "नवरा घाम गाळतो, बायको कुप्या फोडते. छान संसार आहे. आता ऐक. आधी त्याच्या हाताचा फाया जाळायचा. दगडात निघालं ते त्याचंच आहे का, हे एकदा कळू दे. आणि मग चौथा कोरा तू स्वतः काढायचास. तो फक्त शिडी धरेल. भिंतीला बोट लावायचं नाही."

काचेच्या तंतूंचा फाया भाजून घेतला होता, म्हणजे त्यात स्वतःचं असं काही उरलेलं नव्हतं. नवऱ्यानं हात पुढे केला. "पुन्हा हात मागतेस? एकदा दिलाय की."

तिनं फाया त्याच्या तळव्यावर फिरवला. बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत. तळवा गरम नव्हता, गार नव्हता. खोलीतल्या टेबलाला हात लावला तर कळणारही नाही, इतका खोलीसारखा होता. तुलनेसाठी तिनं दुसरा फाया स्वतःच्या हातावरून फिरवला.

तिचा फाया जळला तेव्हा काटा टोकाला जाऊन थडकला. माणसाचा हात म्हणजे चरबी, घाम, कातडीचा भुगा. कितीही धुवा, काटा थडकणारच.

मग त्याचा.

जांभळा उजेड भरला. पंपाची घरघर चालू होती. काटा शून्यावर होता. ती वाट बघत राहिली. चाळणीनं काचेवर टिचकी मारली. काटा टिचकीनं थरथरला आणि पुन्हा शून्यावर निजला.

"फाया नीट फिरवला नाहीस." चाळणीनं स्वतः फिरवला, घासून घासून. जाळला. काही नाही. चाळणी खूप वेळ त्या काट्याकडे बघत उभी राहिली, आणि मोठं काहीतरी वरच राहून गेलं असावं, कारण तिचा चेहरा हळूहळू खुलला.

"म्हणजे दोष याचा नाही! हात अगदी निर्मळ आहे. अहो, एवढा स्वच्छ कोरा नमुना मी माझ्या नोकरीत पाहिलेला नाही." आणि दार उघडून, बाहेर थांबलेल्या त्याला ओरडून म्हणाली, "सुटलात! माफी मागते मी!"

बाहेर टाळ्या वाजल्या. चष्मेवाल्यानं शीळ घातली. दाराच्या फटीतून तिला तो दिसला. सगळे पाठ थोपटत होते त्याची, आणि हसण्याआधी तो थांबला होता.

७

कपारीशी ती दोघं भर दुपारी पोचली. वारा होता. खालच्या वाटेवरची धूळ उठून कपारीच्या तोंडाशी येत होती आणि परत फिरत होती. शिंगांचा कळप डोक्यावरून धावत होता, हजारो वर्षं धावतो तसा, कुठेही न पोचता.

गाडीत सगळी वाट तो गोड बोलला होता. तिच्या आवडीच्या विषयांवर, तिला हवं तसं. एकदाही तिच्या शब्दात शब्द घातला नव्हता. लग्नाआधीचा तो एवढं कधी ऐकून घेत नसे. वाक्य अर्धं झालं की ओढून न्यायचा.

"तिसरी जागा कुठली?" तिनं विचारलं.

त्यानं वर बोट दाखवलं. चांगली दोन पुरुष उंच. "पण तिथून नको घेऊस. लांबचं घे ना."

"तिथे जवळच घेते. तू शिडी धर."

शिडी अॅल्युमिनियमची, हलकी. भिंतीला टेकवली तेव्हा वाऱ्यानं खडखडत होती. त्यानं दोन्ही हातांनी धरली आणि ती चढली. खिशात चौथ्या नमुन्यासाठी नवं पातं होतं. ओढणीच्या टोकात कुपी होती.

तिचं काय ठरलं होतं ते इतकं वेडगळ होतं, की तिनं ते मनातसुद्धा शब्दांत मांडलं नव्हतं. जे काढलं ते परत ठेवायचं. दोन चिमटी तर गेल्या. ही एक उरली आहे. एका चिमटीनं माणूस कितीसा परत येणार? पण ती जाळली नाही म्हणजे काहीतरी शिल्लक आहे. तेवढ्या शिलकीवर ती इथवर आली होती.

वर पोचल्यावर तिला ओरखडा दिसला. साध्या डोळ्यांना बाकी नुसता दगड. तिनं हातमोजे काढले. कुपी दातांनी उघडली, बोटाला थुंकी लावली आणि ती राखाडी चिमूट ओरखड्यात चेपून बसवली, उघड्या, घामेजलेल्या, चरबीच्या, जिवंत बोटानं. तिच्या धंद्यात याहून मोठं पाप नव्हतं.

दगड गरम होता. त्या भिंतीला दिवसभर ऊन लागत नसे. बोटाखाली काहीतरी एकदा आपटलं. ती थांबली. पुन्हा आपटलं.

"अरे," ती म्हणाली. इतकं हळू की शब्द तोंडाबाहेर पडला की नाही तेही तिला कळलं नाही.

डाव्या हातानं तिनं फोन काढला. चष्मेवाल्यानं रंग ताणायची प्रणाली त्यात घालून दिली होती. तिनं तो भिंतीसमोर धरला. दगड हिरवा झाला, आणि तो आला, टाचांपासून केसांपर्यंत, गुलाबी, पुरता. आता तो डाग राहिला नव्हता. पडलेला खांदा होता. भुवईवरची लहानपणीची खूण होती. तिच्या बोटाखाली त्याची छाती होती.

तो तिच्याकडे बघत नव्हता.

तोंड उघडं होतं, पूर्ण, ओरडताना उघडतं तसं. एक हात वर उचललेला, तळवा तिच्या दिशेला, येऊ नकोस म्हणतात तसा. आणि डोळे तिच्या खांद्यावरून पलीकडे, खाली लागले होते. शिडीच्या पायथ्याशी.

फोन तिच्या हातून निसटला. दगडांवर आपटत, ठेचकाळत जाताना त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"झालं का?" खालून तो म्हणाला. प्रेमळ आवाज. "उतर आता. मी धरलंय."

तिनं भिंतीला गाल लावला. आपटणं चालू होतं, जलद, दाराच्या आतून कुणी मुठी माराव्यात तसं. उतरायला दुसरी वाट नव्हती. वर शिंगांचा कळप, डावी-उजवीकडे सपाट दगड. वारा अजून होता. तिची ओढणी फडफडत होती, धूळ तोंडात येत होती. शिडी मात्र खडखडत नव्हती. डोंगरातूनच उगवल्यासारखी गच्च उभी होती. माणसानं धरलेली शिडी माणसाच्या श्वासाबरोबर जराशी हलते, ही गोष्ट तिच्या आत्ता लक्षात आली. ती तिला आधी कधी कुणी सांगितली नव्हती.

"ये ना," तो म्हणाला. "घरी जाऊ. आई वाट बघत असेल."

दोन्ही तळवे भिंतीवर पसरून ती तशीच चिकटून राहिली, आणि तिच्या तळव्यांखाली मुठी आपटत होत्या.

"मी धरलंय म्हटलं ना."

या वेळी आवाज पहिल्यापेक्षा जवळून आला. शिडी हलली नव्हती.